वेळ शेगडीवर जात नाही: स्वयंपाक नव्याने शिकणाऱ्यांसाठी

माझी भाची पहिल्यांदाच एकटी राहू लागली, तेव्हा महिनाभरात तिचा रडवेला फोन आला. "मावशी, दोघांपुरतं साधं जेवण करायला मला दीड तास लागतो. मग जेवायचीसुद्धा इच्छा राहत नाही. माझं काय चुकतंय?"

मी एका सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे गेले आणि स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले. हात लावायचा नाही, सांगायचंही काही नाही, फक्त बघायचं, असं ठरवून. तिने अकरा वेळा फ्रिज उघडला. कांदा काढला, मग टोमॅटोसाठी परत गेली, मग आल्यासाठी परत. सुरी तीनदा धुतली. तेल तापत ठेवलं आणि मग लसूण सोलायला घेतला. लसूण सोलून होईपर्यंत तेलातून धूर येऊ लागला, म्हणून गॅस बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाणी उकळायला ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. प्रत्यक्ष चिरणं, परतणं, शिजवणं यात मिळून पस्तीसेक मिनिटं गेली असतील. बाकीचा सगळा वेळ चालण्यात, शोधण्यात आणि वाट बघण्यात गेला.

तिचे हात मुळीच मंद नव्हते. म्हणून मी तिला भरभर चिरायला शिकवलं नाही. या तीन गळत्या बुजवायला शिकवल्या. तेच सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. यातलं एकदम सगळं करू नका. पहिल्या दोन पायऱ्या आधी अंगवळणी पडू द्या, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचतो.

पायरी १: ओटा लावून घ्या

स्वयंपाकघरातल्या फेऱ्या मोजणारी मी काही पहिली नाही. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्झकी यांनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये इतक्याशा जागेत इतक्या माणसांचं जेवण कसं होतं, याचा त्यांनी विचार केला होता. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात, हे पाहून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आज आपण ज्याला फिटेड किचन म्हणतो, त्याची सुरुवात इथली मानतात.

तुम्हाला भिंती हलवायच्या नाहीत, फक्त वस्तू हलवायच्या आहेत. नियम एकच ठेवा: वस्तू जिथे पहिल्यांदा हातात लागते, तिथे ती राहील. आपण सहसा प्रकाराप्रमाणे लावतो, म्हणजे सगळे चमचे एकत्र, सगळी पातेली एकत्र. त्याऐवजी कामाप्रमाणे लावा. तेल, मीठ, रोजचे मसाले, डाव, झारा आणि गरम भांडं धरायची पकड शेगडीच्या उजव्या-डाव्या हाताला. सुरी, चॉपिंग बोर्ड, सोलाणं आणि चाळण सिंकपाशी, कारण भाजी धुतली की लगेच यांची गरज लागते. उरलेलं भरायचे डबे फ्रिजजवळ. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत ठेवा. वर्षातून दोनदा लागणारं मोठं पातेलं अगदी वर किंवा अगदी खाली गेलं तरी चालेल.

सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये निदान हातभर जागा मोकळी ठेवा. तीच तुमची चिरायची जागा. धुतलेलं एका बाजूने आलं, चिरलं, दुसऱ्या बाजूने कढईत गेलं. या हातभर जागेवर काही म्हणजे काही साठू द्यायचं नाही. बिस्किटांचा पुडा नाही, मोबाइलचा चार्जर नाही.

चिरायला बसण्याआधी आणखी दोन गोष्टी करा. चॉपिंग बोर्डखाली ओलं करून पिळलेलं फडकं पसरा, म्हणजे बोर्ड तसूभरही सरकत नाही आणि हात निर्धास्त चालतो. शेजारी सालं-देठं टाकायला एक मोठं वाडगं ठेवा. प्रत्येक सालीसाठी कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाणं हीसुद्धा एक फेरीच आहे.

आणि फ्रिज एकदाच उघडा. जे जे लागणार ते एका ताटात किंवा टोपलीत एकदम काढून घ्या. भाचीच्या अकरा फेऱ्यांच्या दोन झाल्या, त्या फक्त या एका ताटामुळे.

पायरी २: गॅस पेटवण्याआधी क्रम ठरवा

कृती वाचून करत असाल तर ती आधी शेवटपर्यंत वाचा. "तासभर मुरू द्या" हे वाक्य कढई तापल्यावर वाचणं फार महागात पडतं.

मग स्वतःला विचारा: यातलं कोणतं काम माझ्या हातांशिवाय होतं? पाणी उकळणं, ओव्हन तापणं, कडधान्य शिजणं, काहीतरी मुरणं, ही ती कामं. ती आधी लावून द्यायची आणि ती होत असताना हातांची कामं करायची. स्वयंपाकघरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे पाणी तापत ठेवणं, मग ते भातासाठी असो, पास्त्यासाठी असो किंवा भाज्या उकडण्यासाठी. घरात इलेक्ट्रिक किटली असेल तर पाणी तिच्यात उकळून पातेल्यात ओता, कारण बहुतेक किटल्या शेगडीपेक्षा लवकर पाणी उकळतात.

पातेल्यावर झाकण ठेवा. हे इतकं साधं आहे की कोणी सांगतच नाही. उघड्या पातेल्यातून वाफ उष्णता घेऊन निघून जाते आणि शेगडी ती पुन्हा भरून काढत बसते. शिवाय पाणी गरजेपुरतंच घ्या. दोन अंडी उकडायला कोणी बादलीभर पाणी घेत नाही, पण अर्धं पातेलं भरून घेणारे खूप असतात. पाण्याला उकळी फुटली की आच कमी करा. खळखळ उकळणारं आणि हलकंसं उकळणारं पाणी सारखंच गरम असतं, त्यामुळे मोठ्या आचेवर पदार्थ लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटतं.

"सगळं चिरून, वाट्यांत भरून मगच गॅस लावा" असं नवख्यांना सांगतात. मला हे अर्धंच पटतं. मोठ्या आचेवर भराभर परतायचा पदार्थ असेल तर ते बरोबरच आहे. तिथे पाच-सात मिनिटांत सगळा खेळ आटोपतो, मध्ये चिरायला उसंत नसते. पण ज्या पदार्थाची सुरुवात कांदा परतण्याने होते, तिथे आधी फक्त कांदा चिरा आणि कढईत टाका. तो मऊ होईपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात. तेवढ्यात लसूण, आलं, टोमॅटो चिरून होतात. कांद्याकडे लक्ष मात्र हवं, म्हणून चिरायची जागा शेगडीलगत.

कांद्याबद्दल एक खरी गोष्ट सांगते, कारण यावरून नवखे फार नाउमेद होतात. कृतीत "कांदा पाच मिनिटं, तपकिरी होईपर्यंत परता" असं लिहिलेलं असतं. पाच मिनिटांत कांदा तपकिरी होत नाही. पारदर्शक व्हायला पाच-सात मिनिटं, आणि नीट तपकिरी व्हायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात. तुमचं काही चुकत नाही. वेळ वाचवायचा असेल तर कांदा टाकल्याबरोबर चिमूटभर मीठ घाला, त्याने कांद्यातलं पाणी लवकर सुटतं. पहिली पाच मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे तो स्वतःच्याच वाफेत मऊ होतो. मग झाकण काढून आच थोडी वाढवा, आणि तळाला धरू लागला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडा. ते खरवडलेलं तपकिरी म्हणजे चवच आहे, ती वाया जात नाही. खायचा सोडा घातल्यानेही कांदा लवकर रंगतो. पण त्याचा अगदी लगदा होतो आणि सोडा किंचित जास्त झाला तर चव साबणासारखी लागते. मी तो घालत नाही.

पायरी ३: एक सुरी, पण धारदार

इथे थोडं थांबून सांगते.

बोथट सुरी जास्त धोकादायक. तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. धार तपासायला पिकलेला टोमॅटो घ्या. सुरी सालीवर नुसती टेकवून ओढली आणि साल कापली गेली तर धार ठीक आहे. साल दबून टोमॅटो चेपला तर सुरी धार लावायला झाली आहे. दहा वेगवेगळ्या सुऱ्यांचा संच घेण्यापेक्षा पात्याची लांबी सुमारे २० सेंटिमीटर असलेली एक चांगली सुरी, सोलायला-कोरायला एक छोटी सुरी आणि धार लावायचं एक साधन घ्या. इतक्यावर सगळं घर चालतं.

ज्या हाताने भाजी धरता, त्याची बोटं आत वळवा, मांजरीच्या पंजासारखी. नखं आत, पेरं पुढे, अंगठा मागे. सुरीचं पातं पेरांना टेकून वर-खाली होतं, त्यामुळे बोटाचं टोक पात्याखाली येतच नाही. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं वाटेल. तिसऱ्या दिवशी हात आपोआप तसा जाईल. वेग मागाहून येतो, त्याच्या मागे लागू नका.

आता कांदा. कांद्याला दोन टोकं असतात, एक शेंड्याचं आणि एक मुळांचं. शेंडा कापून टाका. मुळाकडचं टोक तसंच ठेवा. कांदा मुळापासून शेंड्यापर्यंत उभा मधोमध कापा, आता सालं चटकन निघतात. अर्धा कांदा सपाट बाजूने बोर्डवर पालथा ठेवा. शेंड्याकडून मुळाच्या दिशेने उभे काप द्या, पण मुळाच्या अलीकडे बोटभर थांबा. पाकळ्या मुळाशी एकत्र बांधलेल्या राहतात, सुटून पसरत नाहीत. आता कांदा वळवून आडवे काप द्या, एकसारखे बारीक चौकोनी तुकडे पडत जातील. शेवटी हातात मुळाची बुचकी उरते, ती सालांच्या वाडग्यात. यात एक तुकडा दुसऱ्यांदा चिरावा लागत नाही.

डोळ्यांतून पाणी येतं ते कांद्याच्या पेशी फुटल्यावर तयार होणाऱ्या वायूमुळे. त्यात गंधक असतं आणि तो डोळ्यांतल्या ओलाव्याला लागला की चुरचुरतो. धारदार सुरीने पेशी कमी चेंगरतात, म्हणून वायू कमी. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चिरला तर वायू बनण्याचा वेग मंदावतो. मुळाकडचा भाग जास्त झोंबतो, तो न कापण्याचं हे दुसरं कारण. या तिन्ही गोष्टी केल्यात तर रुमाल लागणार नाही.

लसणाची पाकळी बोर्डवर ठेवा, वर सुरीचं पातं आडवं धरा आणि तळहाताने एक दणका द्या. साल सुटून येते. खूप पाकळ्या असतील तर दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका, मग चोळली की सालं निघतात. आल्याला सोलाणं लावू नका, चमच्याच्या कडेने खरवडा. खाचाखोचांतली साल निघते आणि आलं वाया जात नाही. टोमॅटोची साल काढायची असेल तर बुडाला फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग गार पाण्यात. साल कोपऱ्याला धरून ओढली की निघते. लिंबू फ्रिजमधलं कडक असेल तर ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवा आणि मग कापा.

चिरलेलं कढईत लोटताना सुरीची धार बोर्डवर घासू नका. सुरी उलटी करा आणि पाठीने लोटा. धार कितीतरी जास्त दिवस टिकते.

चिरण्याचाही क्रम असतो. आधी कोरडं आणि स्वच्छ, मग ओलं आणि रंग सोडणारं, मांस-मासळी असेल तर अगदी शेवटी आणि शक्य तर वेगळ्या बोर्डवर. या क्रमाने गेलात तर मध्ये बोर्ड-सुरी धुवावी लागत नाही. मांस-मासळीनंतर मात्र बोर्ड, सुरी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कशालाही लावू नका. कच्चं चिकन नळाखाली धुण्याचीही गरज नाही. त्याचे शिंतोडे सिंकभर आणि ओटाभर उडतात आणि जंतू पसरतात. जंतू मरतात ते नीट शिजवल्यानेच.

पायरी ४: कुकर आणि कडधान्यं

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, तुम्ही आच कितीही मोठी करा. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो. या वीस अंशांमुळेच तासाभराचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. पूर्ण दाब आला, म्हणजे शिट्टीच्या कुकरची पहिली शिट्टी झाली, की गॅस बारीक करा. त्यापुढे मोठ्या आचेने आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते. डोंगराळ, उंच भागात राहणाऱ्यांना कुकर आणखी उपयोगी, कारण दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं आणि उघड्यावर शिजायला जास्त वेळ लागतो.

कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. फुगणारी, फेस येणारी कडधान्यं असतील तर निम्माच भरायचा. लावण्याआधी झाकणातलं वाफेचं भोक उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे. वाफ जिरल्याशिवाय झाकण ओढायचं नाही. घाईच असेल तर घरात दुसरं काहीतरी काम काढा, पण झाकणाशी झटापट नको.

कडधान्य भिजवायला विसरलात तर ते पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटं उकळा, गॅस बंद करा आणि झाकून तासभर ठेवा. रात्रभर भिजवल्याइतकं नाही, पण बरंचसं काम होतं. भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर सालं मऊ होतात. मीठ घातल्याने कडधान्य शिजत नाही, ही समजूत खरी नाही. शिजायला अडथळा करतो तो आंबटपणा. टोमॅटो, लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर कडधान्य पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आधी घातलंत तर तासभर शिजवूनही दाणे टणक राहतील आणि तुम्ही दुकानदाराला दोष देत बसाल.

राजम्याबद्दल एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते नीट उकळल्याशिवाय नाहीसं होत नाही. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा आणि पूर्ण मऊ शिजवा. कुकरमध्ये हे आपोआप होतं. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये मात्र राजमा थेट टाकू नका. तिथलं तापमान पुरेसं चढलं नाही तर विष तसंच राहतं आणि उलट्या-जुलाब होतात.

पायरी ५: एकदा करा, तीनदा वापरा

वाटीभर कडधान्य शिजवायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच तीन वाट्यांना लागतो. म्हणून जास्त शिजवा आणि उरलेलं फ्रीझरमध्ये टाका. परतलेला कांदा, आलं-लसणाचं वाटण, टोमॅटोची प्युरी, भाज्यांचं उकडलेलं पाणी, हे सगळं फ्रीझरमध्ये छान राहतं. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठलं की वड्या काढून पिशवीत ठेवा. एका कप्प्यात किती चमचे मावतं ते एकदा मोजून ठेवा, म्हणजे पुढे "दोन वड्या" हेच तुमचं माप.

दाट पदार्थ गोठवायचा असेल तर तो झिपच्या पिशवीत भरून, हवा काढून, हाताने पसरवून पातळ पाटीसारखा आडवा गोठवा. डब्यातला जाड ठोकळा वितळायला रात्र लागते. पातळ पाटी गार पाण्यात अर्ध्या तासात सुटी होते, आणि लागेल तेवढा तुकडा मोडूनही घेता येतो. पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. गोठल्यावर सगळंच सारखं दिसतं, मग उघडून बघण्यात वेळ जातो.

वेळ वाचवताना पोट बिघडणार नाही, एवढं बघायचं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात ते आतून तासन्‌तास गरम राहतं, म्हणून पसरट, उथळ डब्यांत वाटून ठेवा. भाताबाबत हे जास्तच पाळा. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली आणि फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवा. फ्रिजमधलं उरलेलं तीन-चार दिवसांत संपवा. गोठवलेलं मांस ओट्यावर वितळायला ठेवू नका. ते आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, किंवा घट्ट पिशवीत गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदला.

सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी बाहेर ठेवण्याची युक्ती बऱ्याच जणी सांगतात. कृपा करून करू नका. तेलाखाली हवा नसते आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. वासावरून, चवीवरून कळतही नाही. फ्रीझर हाच त्याला सुरक्षित मार्ग.

पायरी ६: भाजी आणली त्याच दिवशी

पालेभाज्या कुजतात त्या पाण्यामुळे. लगेच धुवायची असेल तर पूर्ण निथळून, फडक्यावर पसरून वाळवा आणि मगच कोरड्या सुती फडक्यात किंवा कागदी रुमालात गुंडाळून डब्यात भरा. वाळवायला वेळ नसेल तर न धुताच ठेवा. कोथिंबीर, पुदिना यांचे देठ पेलाभर पाण्यात उभे करून ठेवले तर ते कितीतरी दिवस ताजे राहतात.

केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो एथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून ही फळं वेगळी. कांदे-बटाटेही एकत्र नकोत, दोन्ही अंधाऱ्या, हवेशीर जागी पण अंतर ठेवून. हिरवा पडलेला भाग आणि कोंब बटाट्यावरून जाड कापून टाका. फारच हिरवा झाला असेल तर तो बटाटा खाऊ नका.

उकडलेली अंडी सोलताना छिन्नविच्छिन्न होत असतील तर अंडी ताजी असण्याचा तो परिणाम. आठवडाभर जुनी अंडी घ्या, गार पाण्यात न ठेवता थेट उकळत्या पाण्यात सोडा, आणि दहा-अकरा मिनिटांनी बर्फाच्या पाण्यात काढा. साल मोठमोठ्या तुकड्यांत निघते.

पायरी ७: बिघडलं तर

मीठ जास्त झालं तर बटाटा टाका, असं सगळेच सांगतात. बटाटा खारट पाणीच शोषतो, त्यातून मीठ वेगळं काढत नाही. रस्सा तितकाच खारट राहतो, फक्त कमी होतो. त्यापेक्षा बिनमिठाचं काहीतरी वाढवा: पाणी, शिजलेलं कडधान्य, भाज्या, दूध किंवा दही. थोडं आंबट घातल्याने खारटपणा जिभेला कमी जाणवतो, तेवढा त्याचा उपयोग.

पदार्थ तळाला लागला तर ढवळू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळ जागच्या जागी राहू दे. ढवळलंत की करपल्याचा वास सगळ्यात उतरतो आणि मग उपाय नाही.

पायरी ८: आवराआवर शेवटी नको, मधे मधे

स्वयंपाक सुरू करण्याआधी सिंक रिकामं करा. ही माझी एकच सक्ती आहे. रिकामं सिंक असलं की शिजण्याच्या मधल्या मिनिटांत दोन-तीन भांडी घासून होतात, आणि जेवणानंतर फक्त ताटं उरतात. भरलेल्या सिंकात एक चमचासुद्धा धुववत नाही. फेसाळ पाण्यात सुरी मात्र कधी सोडू नका, दिसत नाही आणि हात जातो.

पीठ, दूध, अंडं लागलेली भांडी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने ते आणखी घट्ट चिकटतं. तेलकट भांड्यांना गरम पाणी आणि साबण. मिक्सरच्या भांड्यात अर्धं पाणी आणि थेंबभर साबण घालून झाकण घट्ट लावून फिरवा, पात्याखालचं निघून येतं. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी आणि लिंबाची फोड ठेवून ते दोन-तीन मिनिटं उकळू द्या. दार पाच मिनिटं बंदच ठेवा, मग फडक्याने पुसा.

करपलेल्या पातेल्यात बोटभर पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, कोमट झालं की लाकडी उलथन्याने खरवडा. अॅल्युमिनियमला मात्र सोडा वापरू नका, तो काळा पडतो. सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढायची टूम खूप दिसते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं ते जवळपास साधं पाणी. एका वेळी एकच वापरा. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

तापलेला नॉनस्टिक तवा नळाखाली धरला तर तो वाकडा होतो. निवू द्या. एकात एक अडकलेले पेले सोडवायला आतल्या पेल्यात गार पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. बरणीचं झाकण हट्ट करत असेल तर चमच्याची कड झाकणाखाली घालून किंचित उचला. "टक्" आवाज आला की आतली पोकळी सुटली, झाकण सहज फिरतं.

झोपायला जाण्याआधी स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभी राहायची सवय भाचीला लागली आहे. उद्या कडधान्य करायचं असेल तर ते मीठ घातलेल्या पाण्यात भिजत टाकते, फ्रीझरमधली एक पिशवी फ्रिजमध्ये खाली उतरवते, ओट्यावरची हातभर जागा मोकळी आहे ना ते बघते आणि बोर्डखालचं फडकं वाळत घालते. परवा तिने सांगितलं, आता दोघांचं जेवण चाळीस मिनिटांत होतं.